एक, दोन, चार... पुढे काय?

परवाची गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती. खालच्या मजल्यावरच्या वहिनी त्यांच्या धाकटीला दंडाला धरूनच वर घेऊन आल्या. एका हातात पोरगी, दुसऱ्या हातात गणिताची वही.

"बघा हो काकू, तिसरीत आहे आणि एवढं साधं येत नाही. शिकवणीला पैसे घालून काय उपयोग?"

वहीत चाचणीचा कागद चिकटवलेला होता. प्रश्न असा : क्रम ओळखा आणि पुढची संख्या लिहा. १, २, ४, आणि पुढे रिकामी जागा. पोरीनं तिथं ७ लिहिलं होतं. त्यावर लाल शाईची भली मोठी फुली.

मीही लगेच शहाणपणा केला. "अगं, आठ येणार ना! एकाची दुप्पट दोन, दोनाची दुप्पट चार, चाराची दुप्पट आठ." ती काही बोलली नाही. मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. वहिनींनी पाठीत एक धपाटा घातला आणि दोघी खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार. मी दारात रांगोळीचे ठिपके काढत बसले होते. ती हळूच येऊन उकिडवी बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "काकू, सात का चुकलं?"

मी म्हटलं, "आधी तू सांग, तू सात का लिहिलंस?"

तिनं रांगोळीची चिमूट घेतली आणि फरशीवर ठिपके टाकत सांगितलं, "एकाचे दोन झाले, म्हणजे एक वाढला. दोनाचे चार झाले, म्हणजे दोन वाढले. आता तीन वाढणार. चार आणि तीन सात."

माझा हात तसाच राहिला. पोरीचं काहीही चुकलं नव्हतं. दुपटीचा नियम लावला तर आठ येतात, तिचा नियम लावला तर सात. फक्त तीन संख्या दिल्या तर दोन्ही नियम चपखल बसतात. अपुरा होता तो प्रश्न, आणि फुली बसली उत्तरावर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘तू असं का लिहिलंस?’ हा एवढासा प्रश्न तिच्या बाईंनी विचारला नव्हता, आईनं विचारला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. तिघी मोठ्या बायका, आणि तिघींनाही फक्त उत्तर दिसलं.

ही घरगुती गोष्ट आज इथं सांगायचं कारण आहे. सध्या शाळांतून गणित शिकवण्याची पद्धत बदलते आहे, आणि त्या बदलाच्या अगदी मध्यभागी ही ‘क्रम ओळखा’वाली गणितं आहेत. आपल्या मराठी पुस्तकांत त्यांना ‘आकृतिबंध’ म्हणतात. बोलताना आपण सरळ ‘पॅटर्न’ म्हणतो. आकडे, आकार, रंग, आवाज काहीही असो, त्यात एखादी गोष्ट नियमानं पुन्हा पुन्हा येते किंवा नियमानं वाढत जाते, तो पॅटर्न. लाल मणी, पिवळा मणी, लाल मणी, पिवळा मणी हाही पॅटर्न आणि २, ४, ६, ८ हाही पॅटर्न.

२०२० साली नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. त्यापाठोपाठ २०२१ च्या जुलैत ‘निपुण भारत’ अभियान सुरू झालं. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब करता यावेत, आणि हे २०२६-२७ पर्यंत साधावं, असं त्याचं उद्दिष्ट ठरलं. २०२२ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी जो अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात आजूबाजूचे, आकारांतले आणि संख्यांतले साधे पॅटर्न ओळखणं आणि ते पुढे नेणं हे स्वतंत्र कौशल्य म्हणून लिहिलेलं आहे. २०२४ मध्ये एनसीईआरटीचं सहावीचं ‘गणित प्रकाश’ हे नवं पुस्तक आलं. त्याचं पहिलंच प्रकरण गणितातल्या पॅटर्नवर आहे. आपल्या बालभारतीच्या पाचवीच्या पुस्तकातही आकृतिबंध होतेच, पण सोळा प्रकरणांत पंधरावं प्रकरण म्हणून! म्हणजे वर्ष संपता संपता, परीक्षेच्या घाईत उरकायचं. जे शेवटाकडे होतं ते आता सुरुवातीला येतंय. आपल्या राज्यातही २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला आणि पुढचे वर्ग टप्प्याटप्प्यानं बदलायचं ठरलं.

हे सगळं कशासाठी? तर मुलांचं गणित खरोखरच कच्चं राहतंय म्हणून. ग्रामीण भागातल्या मुलांची पाहणी करणारा ‘असर’ अहवाल तुम्ही ऐकून असाल. २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या मुलांपैकी जेमतेम ३०.७ टक्के मुलांना भागाकार करता आला. तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी जमली. आधीच्या म्हणजे २०२२ च्या पाहणीपेक्षा हे आकडे बरे आहेत, तेव्हा तर ते २५.६ आणि २५.९ टक्के होते. तरी शंभरातली सत्तरच्या आसपास मुलं अडखळतायतच. सरकारच्याच ‘परख’ सर्वेक्षणात, जे २०२४ च्या डिसेंबरमध्ये झालं आणि ज्याचे निकाल २०२५ च्या जुलैत आले, सहावीतल्या ५३ टक्के मुलांना दहापर्यंतचे पाढे समजून येत होते. म्हणजे जवळजवळ निम्म्यांना नाही.

आता तुम्ही म्हणाल, इथं पाढेच येत नाहीत आणि तुम्ही पॅटर्नची कौतुकं काय सांगताय? आधी पाढे पाठ करून घ्या, मग बाकीचं. मलाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं. माझ्या आजीला पावकी, निमकी, सव्वाकी, दीडकी सगळं तोंडपाठ होतं, आणि बाजारात तिला कुणी फसवू शकायचं नाही. पाठांतराला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही.

पण नऊचा पाढा घ्या. ९, १८, २७, ३६, ४५... डावीकडचा आकडा एकेकानं वाढतो, उजवीकडचा एकेकानं कमी होतो. नव्वदपर्यंत कुठल्याही संख्येतल्या दोन आकड्यांची बेरीज करा, नऊच येते. हे मुलाला स्वतःहून दिसलं की त्याचे डोळे कसे चमकतात ते बघण्यासारखं असतं. आणि मग विचारायचं, "असं का होतं रे?" नऊ मिळवणं म्हणजे दहा मिळवून एक काढणं. दहा मिळवले की दशक एकानं वाढतं, एक काढला की एकक एकानं कमी होतो. बस्स. एकदा हे कळलं की पाढा विसरला तरी मूल तो पुन्हा उभा करू शकतं. नुसता पाठ केलेला पाढा मध्येच तुटला, तर मुलाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पॅटर्न म्हणजे पाढ्याला पर्याय नव्हे, पाढ्याच्या आतला कणा आहे तो.

दुसरं कारण याहून मोठं आहे. काडेपेटीतल्या काड्या घ्या. चार काड्यांचा एक चौकोन करा. त्याला चिकटून दुसरा चौकोन करायला किती काड्या लागतील? चार नाही, तीनच, कारण एक बाजू आधीच आहे. म्हणजे एका चौकोनाला ४, दोनाला ७, तीनाला १०, चाराला १३. आता मुलाला विचारा, अशाच रांगेत दहा चौकोन करायला किती लागतील? पुष्कळ मुलं पटकन ‘चाळीस’ म्हणतात. काही मुलं खरंच काड्या मांडत बसतात. आणि एखादं म्हणतं, "पहिली उभी काडी एक, मग प्रत्येक चौकोनाला तीन-तीन. दहा त्रिक तीस आणि एक, एकतीस." ज्या मुलाला हे सुचलं, त्याला बीजगणित आलं! ‘कितीही चौकोन असोत, त्याची तिप्पट आणि एक’ हेच पुढे ‘क्ष’ घालून लिहायचं असतं. आपल्यापैकी कितीजणींना तो ‘क्ष’ आकाशातून पडल्यासारखा वाटला होता, आठवून बघा. मी दहावीला गणितात काठावर सुटले. ‘मुलींना गणित जडच जातं’ असं घरातलं एक मत होतं, आणि कुणी फारशी चौकशी न करता मला आर्ट्सला घातलं. क्ष कुठून आला हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. काड्यांचे चौकोन माझ्यापुढे कुणी तिसरीत मांडले असते, तर काय झालं असतं कोण जाणे.

खरं तर पॅटर्न आपल्या हातात रोज असतात. पोतीत चार काळे मणी, एक सोन्याचा, पुन्हा चार काळे मणी. विणताना दोन उलट, दोन सुलट. आणि रांगोळी. रांगोळीच्या पुस्तकात ‘७ ते ४ ठिपके’ असं लिहिलेलं आपण वर्षानुवर्षं वाचतो. मधल्या ओळीत सात, तिच्या वर आणि खाली सहा, मग पाच, मग चार. त्या गुरुवारी मी नेमकी तीच काढत होते. मी धाकटीला म्हटलं, मोज बघू एकूण किती ठिपके झाले. तिनं ओळीनं मोजले, ४, ५, ६, ७, ६, ५, ४. एकूण सदतीस.

मग मी म्हटलं, आता मधल्या एका ठिपक्यापासून बाहेर मोज. मधला एक. त्याच्याभोवती सहा. त्याच्याभोवती बारा. त्याच्याभोवती अठरा. "काकू, हा तर सहाचा पाढा!" ती ओरडलीच. का? कारण आकार षटकोनी, सहा बाजूंचा. प्रत्येक नवीन वेढ्यात दर बाजूला एकेक ठिपका वाढतो, म्हणून वेढा सहानं वाढतो. एक, मग सात, मग एकोणीस, मग सदतीस. मैत्रिणींनो, १, ७, १९, ३७ ही संख्यांची मालिका जशीच्या तशी सहावीच्या त्या नव्या ‘गणित प्रकाश’मध्ये आहे. षटकोनी संख्या म्हणतात त्यांना. आणि गंमत बघा. या संख्यांची ओळीनं बेरीज करत जा. १. मग १ आणि ७ मिळून ८. त्यात १९ मिळवले की २७. त्यात ३७ मिळवले की ६४. हे सगळे घन! दोनाचा घन आठ, तिनाचा सत्तावीस, चाराचा चौसष्ट. मी पन्नाशी ओलांडली, हजारो वेळा ही रांगोळी काढली, आणि हे मला यंदा कळलं.

म्हणूनच ‘बायकांना सगळं आधीपासूनच येतं’ असं गोड बोलून मी तुमची पाठ थोपटणार नाही. हातानं करणं वेगळं आणि त्यातला नियम डोळ्यांना दिसणं वेगळं. हात सरावानं चालतो, पण ‘का?’ विचारल्याशिवाय नियम दिसत नाही. मला इतकी वर्षं दिसला नाही, कारण मी कधी विचारलंच नाही.

आता एक जुनं प्रकरण आठवा. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’, बावीसला ‘वीस दोन’ असंही वाचायला सुचवलं होतं. काय गदारोळ झाला होता! विधानसभेत विषय निघाला, मोबाइलवर विनोदांचा पाऊस पडला. मीही त्यातले चार पुढे ढकलले होते, खोटं कशाला बोलू? त्या वेळी गणिताच्या अभ्यासमंडळाच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपले संख्यांचे शब्द आणि त्यातली जोडाक्षरं लहान मुलांना जड जातात, आणि लिहितो त्याच क्रमानं बोललं तर मुलांना सोपं जातं. जुने शब्द काढून टाकलेले नव्हतेच. आज मंगलाताई नाहीत, २०२३ च्या जुलैत त्या गेल्या. पण पॅटर्नच्या नजरेनं बघितलं तर त्यांचं म्हणणं मला आता जास्त नीट कळतं.

आपण पंचवीस म्हणतो तेव्हा पाच आधी बोलतो, वीस नंतर. लिहिताना मात्र आधी दोन, मग पाच. म्हणून कितीतरी मुलं पंचवीस ऐकून ५२ लिहितात. मूल मंद नसतं, ते ऐकलेल्या क्रमाशी इमानी असतं. हे लक्षात आलं तर धपाटा आपोआप खाली येईल.

पण आपल्या शब्दांत खजिनाही आहे. एकोणतीस म्हणजे काय? तिसाला एक उणा. एकोणचाळीस, चाळिसाला एक उणा. शब्दातच वजाबाकी! २९ रुपयांच्या तीन वस्तू घेतल्या तर तीन वेळा तीस, नव्वद, त्यातून तीन उणे, सत्त्याऐंशी. मुलाला हा शब्द फोडून दाखवला की तोंडी हिशेब किती सोपा होतो बघा. आणि मग विचारा, एकोणीस, एकोणतीस, असं एकोणनव्वदपर्यंत आलो, मग नव्व्याण्णवला ‘एकोणशंभर’ का नाही म्हणत? पॅटर्न कुठं मोडतो हे शोधणं हाही पॅटर्न शिकण्याचाच भाग आहे. मुलांना मोडलेला नियम पकडायला फार आवडतं.

आता जरा अडचणीच्या गोष्टीकडे वळते. पॅटर्न चांगले, नवी पुस्तकं चांगली. पण शिकवणार कोण? आपल्या राज्यात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ म्हणून शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू झाले, त्यातून गावोगावी माता गट तयार झाले. मुलांकडून घरी करून घ्यायच्या छोट्या छोट्या कृती या गटांतल्या आयांना दिल्या जातात. कल्पना चांगलीच आहे. चार बायका एकत्र बसून मुलांच्या शिक्षणाचं बोलतात हे मला मोलाचं वाटतं. पण गट मातांचाच का? पिता गट का नाही? रात्री आठ वाजता भाकऱ्या थापणाऱ्या बाईनंच एका डोळ्यानं पोराचे मणी बघायचे आणि पोराचा बाप टीव्हीपुढे, हे कुठल्या आराखड्यात बसतं? गणिताच्या नावानं आधीच धास्तावलेल्या आईवर आणखी एक ओझं टाकलं, तर ती ते ओझं तसंच मुलाच्या पाठीवर देणार. वहिनींनी दुसरं काय केलं?

दुसरी अडचण बाजाराची. नवं काही आलं की दुसऱ्या दिवशी त्याचं गाइड येतं. माझ्यासमोर आता एक कामाची वही आहे, तिच्यात पॅटर्नची शंभर गणितं आणि शेवटच्या पानावर शंभर उत्तरं. मूल काय करतं? उत्तरं पाठ करतं. ज्या गोष्टीसाठी पॅटर्न आणले तीच गोष्ट त्यातून काढून घेतली की राहतं काय? पुन्हा घोकंपट्टीच. गल्लोगल्ली निघालेल्या भराभर गणिताच्या क्लासांचंही तेच. बोटं झरझर चालतात, याला माझा विरोध नाही. पण वेग म्हणजे समज नव्हे. आणि मोबाइलवर ते ‘फक्त हुशारांनाच जमेल’ छापाचे आकड्यांचे कोडे येतात ना, त्यातले कितीतरी आपल्या धाकटीच्या प्रश्नासारखेच अपुरे असतात. त्यात नापास झालात म्हणून स्वतःला ‘ढ’ समजू नका.

शिक्षकांचीही बाजू बघायला हवी. मी वहिनींना म्हटलं, भांडायला नको, पण शाळेत जाऊन बाईंना पोरीचं कारण सांगून तर बघा. त्या गेल्या. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तिचं बरोबरच आहे हो. पण वर्गात पंचेचाळीस मुलं. पेपर तपासताना समोर उत्तरसूची असते, तिच्यात आठ. प्रत्येकाला ‘का’ विचारायचं तर पेपर कधी तपासू आणि माहिती कधी भरू?" त्या बाईंचा मला राग आला नाही. कारणाला गुण देणारी परीक्षा आणि कारण ऐकायला वेळ असलेली शिक्षिका, या दोन गोष्टी मिळेपर्यंत पुस्तकातलं पहिलं प्रकरण पहिलं असलं काय आणि पंधरावं असलं काय, फरक थोडाच पडणार. शासनाला सांगायचं झालं तर मी एवढंच सांगेन. पुस्तक बदललंत, आता उत्तरसूची बदला. ‘पुढची संख्या लिहा’ याच्या खाली एक ओळ वाढवा, ‘तुझा नियम सांग’. आणि तो नियम वाचायला बाईंना सवड द्या.

तोवर आपण घरी काय करायचं? वेगळा वेळ काढायचा नाही, हे पहिलं. भाजी निवडताना शेंगा मांडा, एक उभी, दोन आडव्या, एक उभी, दोन आडव्या, आणि विचारा, पुढे काय? मुलाला जमलं की मधलीच एक उचला आणि विचारा, कुठली गेली? तेही जमलं की शेंगांचा पॅटर्न टाळ्यांनी वाजवायला सांगा. उभीला टाळी, आडवीला चुटकी. वस्तू बदलली तरी नियम तोच, हे कळणं फार मोठी पायरी आहे. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं, त्यालाच म्हणा, "आता तू एक कर, मी ओळखते." दुसऱ्याचा नियम ओळखताना मूल विद्यार्थी असतं. स्वतःचा नियम बनवताना ते गणिती असतं. आणि उत्तर वेगळं आलं तर फुली मारण्याआधी एकच शब्द, ‘का?’. यासाठी आपल्याला गणित यावं लागत नाही. कान द्यावा लागतो. हे बाबांनाही जमतं, आजोबांनाही.

आपल्याकडचंच एक उदाहरण सांगते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे गणिताचे शिक्षक नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिकवत. विद्यापीठातले मोठे प्राध्यापक नव्हेत, शाळामास्तर. १९०५ साली डहाणूला जन्मलेले. त्यांना संख्यांशी खेळायचा नाद होता. १९४९ साली त्यांना एक गंमत सापडली. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. तिच्या अंकांची मोठ्यात मोठी संख्या करा, ५४३२. लहानात लहान करा, २३४५. वजा करा, ३०८७ आले. पुन्हा तेच. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहतं. कुठल्याही संख्येपासून निघालात तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथंच पोचता. आज जगभर ही संख्या कापरेकरांच्या नावानं ओळखली जाते, आणि सहावीच्या नव्या पुस्तकातही ती आहे. वजाबाकीचा सराव म्हणून मुलाला पन्नास गणितं घालण्यापेक्षा हा खेळ देऊन बघा. वजाबाक्या तितक्याच होतील, पण शेवटी ६१७४ आलं की मूल तुम्हाला बोलवायला स्वयंपाकघरात धावत येईल.

धाकटीची फुली काही खोडली गेली नाही. गुणपत्रिकेत तो एक गुण गेलाच. पण बाईंनी फुलीच्या शेजारी बारीक अक्षरात ‘कारण योग्य’ असं लिहून दिलं. वहिनींनी ते पान मला दोनदा दाखवलं.

काल ती पुन्हा वर आली होती. हातात कागद. "काकू, मी पॅटर्न केलाय, ओळखा." कागदावर होतं : २, २, २, २, २, २, २, २, २, २, ३... दहा वेळा दोन आणि मग एकदम तीन. "पुढे काय?" मी बेरीज केली, वजाबाकी केली, काही सुचेना. शेवटी हात टेकले आणि म्हटलं, "का गं, तीन का?"

ती इतकी हसली! मग मला म्हणाली, "लिहून बघा ना काकू. एक, दोन, तीन, चार... अक्षरात लिहा आणि प्रत्येक शब्दाची अक्षरं मोजा. अकराला काय होतं?"

मी मोजली. तुम्हीही मोजून बघा. आणि पुढची संख्या काय येते ते घरातल्या लहानग्याला विचारा.